प्रा. मधु दंडवते : सिद्धार्थच्या वर्गातून लोकसभेच्या बाकावर

आपल्या मंडळाच्या अभ्यासिकेत रविवारी सकाळी दहावी-बारावीची आणि महाविद्यालयात जाणारी मुले जमतात. घाटकोपरची असतात, विक्रोळी-मुलुंडकडून येतात, एक-दोन तर अंधेरीहून बस बदलून येतात. नागरिकशास्त्राचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. ज्या पक्षाचे लोकसभेत दहाच सभासद आहेत, त्यातील एखाद्याने कितीही उत्तम भाषण केले तरी मतदानाच्या वेळी तो हरणारच. मग त्या भाषणाचा उपयोग काय? गेल्या वर्षी हाच प्रश्न अकरावीतल्या एका मुलाने इतक्या सरळपणे विचारला की त्याला पुस्तकी उत्तर देऊन गप्प बसविणे मला योग्य वाटले नाही. त्याला उत्तर म्हणून मी एका माणसाची हकीकत सांगितली. तीच थोडी विस्ताराने या स्मरणिकेत देत आहे. तो माणूस म्हणजे प्रा. मधु दंडवते.

प्रा. दंडवते हे काही आपल्या समाजातून आलेले पुढारी नव्हेत, समाजवादी चळवळीतून आलेले. परंतु आपल्या वाचकांना त्यांची ओळख करून देताना सुरुवात एकाच ठिकाणाहून करावी लागते, आणि ते ठिकाण म्हणजे परमपूज्य बाबासाहेबांनी उभे केलेले सिद्धार्थ महाविद्यालय. दि. २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे जन्मलेले मधु दंडवते पदार्थविज्ञानाचे एम.एस्सी. झाले आणि सिद्धार्थ महाविद्यालयात शिकवू लागले. अणुभौतिकी हा त्यांचा विषय. पुढे ते विभागप्रमुख व उपप्राचार्य झाले आणि १९७१ साली लोकसभेवर निवडून जाईपर्यंत त्यांची खरी ओळख 'सिद्धार्थचे दंडवते सर' हीच होती.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीने हे महाविद्यालय १९४६ च्या जून महिन्यात सुरू केले. सुरुवात मरीन लाइन्सजवळच्या लष्करी बराकींत झाली, पुढे फोर्टमध्ये आनंद भवन व बुद्ध भवन या इमारती आल्या. तासिका सकाळी भरत, कारण दिवसा नोकरी करून शिकणाऱ्या गरीब मुलांसाठी बाबासाहेबांना महाविद्यालय हवे होते. कुर्ला, घाटकोपर, भांडुपकडची कितीतरी माणसे पहाटेची गाडी पकडून व्हिक्टोरिया टर्मिनसला उतरत, तास संपले की थेट कचेरीत जात. आज त्यांतले पुष्कळजण नाहीत. त्यांची नातवंडे आपल्या अभ्यासिकेत बसतात, पण आजोबा पदवीधर कसे झाले हे त्यांना ठाऊक नसते.

या महाविद्यालयाची आणखी एक गोष्ट आपल्या विषयाशी जवळची आहे. तेथे विद्यार्थी संसद होती. मुलांनी सत्ताधारी व विरोधी बाकांवर बसावे, विधेयके मांडावीत, दुरुस्त्या सुचवाव्यात, अध्यक्षांचा निर्णय मानावा, अशी ती रचना. बाबासाहेब स्वतः केंद्रीय कायदामंत्री असताना, १९५० साली, या विद्यार्थी संसदेपुढे हिंदू कोड बिलावर बोलले. देशाच्या कायदामंत्र्याने विशीतल्या मुलांपुढे आपले सर्वांत वादग्रस्त विधेयक घेऊन उभे राहावे, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे. सभागृहात बोलणे ही शिकण्याची आणि सराव करण्याची विद्या आहे, ही त्यांची धारणा यातून दिसते.

ही धारणा त्यांनी कोठून आणली हेही त्यांनीच सांगून ठेवले आहे. दि. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत केलेल्या भाषणात त्यांनी निदर्शनास आणले की संसदीय कार्यपद्धती या भूमीला नवी नाही. भिक्खू संघाला ती पूर्ण अवगत होती. विनयपिटक वाचणाऱ्यांना हे पटेल. संघापुढे विषय आणायचा तर आधी 'ञत्ति', म्हणजे सूचना मांडावी लागे. महत्त्वाच्या कामात सूचनेनंतर ठराव तीनदा उच्चारीत. कोणाला विरोध असेल त्याने बोलावे, संमती असेल त्याने मौन पाळावे. मतभेद मिटला नाही तर 'सलाका', म्हणजे रंगीत काड्या वाटून मतदान होई, आणि त्या गोळा करणारा भिक्खू निःपक्षपाती असावा असा दंडक होता. गणपूर्तीचे नियम कामाप्रमाणे वेगळे असत: कोठे चार भिक्खू पुरत, कोठे पाच, कोठे दहा, कोठे वीस. आपल्या लोकसभेतही विधेयकाची तीन वाचने होतात आणि एक दशांश सभासद हजर नसतील तर काम चालत नाही. एक पद्धत दुसरीतून निघाली असे कोणी ओढूनताणून म्हणू नये. परंतु संख्येपेक्षा नियमाला मान देण्याची रीत दोन्हीकडे आहे, एवढे खरे.

आता दंडवते सरांकडे. १९४२ च्या चळवळीत ते विद्यार्थिदशेतच पडले. १९५५ साली गोवामुक्तीच्या सत्याग्रहात त्यांनी तुकडीचे नेतृत्व केले आणि पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते होते, १९६९ च्या भूमिमुक्ती आंदोलनातही होते. १९७० मध्ये ते महाराष्ट्र विधान परिषदेवर गेले. परंतु वर्षभरातच एका दुःखद घटनेने त्यांचा मार्ग दिल्लीकडे वळला. राजापूर मतदारसंघाचे खासदार बॅ. नाथ पै हे दि. १८ जानेवारी १९७१ रोजी निधन पावले. १९५७ पासून तीन वेळा कोकणाने त्यांना निवडून दिले होते आणि त्यांच्या वाणीची कीर्ती देशभर होती. त्यांच्या जागी प्रजा समाजवादी पक्षातर्फे दंडवते उभे राहिले. इंदिरा गांधींच्या लाटेत भलेभले वाहून गेले, पण राजापूरने दंडवत्यांना निवडून दिले. पुढे १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ असे सलग पाच वेळा ते तेथून निवडून आले. १९८४ ची निवडणूक तर इंदिराजींच्या हत्येनंतरची. काँग्रेसने चारशेच्या वर जागा जिंकल्या आणि जनता पक्षाचे अवघे दहा सभासद उरले. त्या दहांचे सभागृहातील नेते प्रा. दंडवते होते.

अकरावीच्या त्या मुलाच्या प्रश्नातले 'दहाच सभासद' हे असे खरोखरीचे होते. मग दहांच्या नेत्याजवळ कोणती शस्त्रे असतात? हे जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्या मुलांना याची माहिती कोणी देत नाही.

समजा, आपल्या रेल्वे स्थानकावर पिण्याच्या पाण्याची सोय नाही, ही साधी तक्रार आहे. खासदार ती पत्राने मंत्र्याला कळवू शकतो. पत्र फाइलला लागते. तोच विषय तो लोकसभेत तारांकित प्रश्न म्हणून देऊ शकतो. त्यासाठी किमान पंधरा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. दिवसाला वीस तारांकित प्रश्न यादीत येतात, चिठ्ठ्या टाकून क्रम लागतो, आणि मंत्र्याला उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते. खरी गंमत उपप्रश्नात असते. छापील उत्तर खात्यातील अधिकारी लिहून देतात, पण उपप्रश्नाला मंत्र्याची स्वतःची तयारी लागते, आणि विचारणाऱ्याची त्याहून अधिक. उत्तर अपुरे वाटले तर त्याच विषयावर अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. नियम ३७७ खाली निवेदन करता येते. गंभीर प्रसंगी स्थगन प्रस्ताव आणता येतो. तो स्वीकारला गेला तर दिवसाचे ठरलेले काम बाजूला पडते.

अर्थसंकल्पाच्या वेळी कपात सूचना असतात. त्या तीन प्रकारच्या. खात्याच्या धोरणालाच विरोध असेल तर सबंध मागणी एक रुपयावर आणावी अशी सूचना देतात. उधळपट्टीवर बोट ठेवायचे असेल तर ठरावीक रक्कम कमी करावी असे सुचवितात. आणि एखादे विशिष्ट गाऱ्हाणे मांडायचे असेल तर मागणीतून फक्त शंभर रुपये कापावेत अशी सूचना देतात. शंभर रुपयांनी सरकारचे काय जाणार? काही नाही. परंतु त्या शंभर रुपयांच्या निमित्ताने पाण्याच्या नळाची गोष्ट देशाच्या सर्वोच्च सभागृहात बोलली जाते, अहवालात छापली जाते आणि मंत्र्याला उत्तर द्यावे लागते. शुक्रवारी दुपारी अडीच तास खाजगी सभासदांचे काम चालते. तेव्हा मंत्री नसलेला कोणीही सभासद स्वतःचे विधेयक मांडू शकतो. नाथ पै यांनी १९६७ मध्ये घटनादुरुस्तीच्या अधिकाराविषयीचे आपले विधेयक याच मार्गाने आणले होते.

प्रा. दंडवते हे या सर्व नियमांचे जाणकार होते. कोणता मुद्दा कोणत्या नियमाखाली मांडायचा, हरकतीचा मुद्दा केव्हा उपस्थित करायचा, हे त्यांना तोंडपाठ असे. शिक्षकाचा स्वभाव त्यांनी सोडला नाही. विषयाची मांडणी पायरीपायरीने, आकडे जवळ, विनोद भरपूर, परंतु शब्द हलका नाही. विरोधकालाही हसविणारा विनोद करणे सोपे नसते. आज दूरदर्शनच्या पडद्यावर सभागृहातला गोंधळ पाहून मोठी झालेली मुले विरोधी पक्ष म्हणजे फलक घेऊन हौद्यात उतरणारी माणसे असे समजतात. त्यांना हे दुसरे चित्र दाखवायला हवे.

हे सर्व नियम किती नाजूक असतात ते १९७५ साली दिसले. त्या जूनमध्ये पक्षांतरबंदी विधेयकाच्या संयुक्त समितीच्या कामासाठी काही खासदार बंगळूरला गेले होते. दि. २५ जूनच्या रात्री आणीबाणी पुकारली गेली आणि दुसऱ्या दिवशी अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी, श्यामनंदन मिश्र व मधु दंडवते यांना तेथेच अटक झाली. संसदेच्या कामाला गेलेले खासदार संसदेत परत न येता बंगळूरच्या तुरुंगात गेले. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या तुरुंगात होत्या. नवरा एका राज्यातल्या कोठडीत, बायको दुसऱ्या. संसार पत्रांवर चालला होता.

जुलैमध्ये संसद भरली तेव्हा प्रश्नोत्तराचा तास रद्द करण्यात आला. नंतर आणखी एक गोष्ट घडली, जिची फारशी आठवण काढली जात नाही. संसदेत जे बोलले जाते ते वृत्तपत्रांनी प्रामाणिकपणे छापले तर त्यांच्यावर खटला होऊ नये, असे संरक्षण देणारा कायदा १९५६ साली झाला होता. तो फिरोज गांधी यांच्या खाजगी विधेयकातून आला होता. आणीबाणीत तो कायदाच मोडीत काढला. म्हणजे सभागृहात कोणी बोलले तरी ते घाटकोपरच्या वाचनालयात बसलेल्या माणसापर्यंत पोहोचू नये. भाषणाचा काही उपयोग नसता तर एवढा खटाटोप कोणी कशाला केला असता, असे मी त्या मुलाला विचारले. तो हसला. जनता सरकारने १९७७ मध्ये हा कायदा पुन्हा आणला आणि १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने त्या संरक्षणाला संविधानातच, अनुच्छेद ३६१-क म्हणून, जागा दिली.

१९७७ ची निवडणूक उपनगरातल्या वडीलधाऱ्यांना चांगली आठवत असेल. गोरेगावच्या मृणालताई गोरे उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या. 'पाणीवाली बाई दिल्लीत' ही घोषणा तेव्हाचीच. दक्षिण-मध्य मुंबईतून रिपब्लिकन पक्षाचे बी. सी. कांबळे निवडून आले. आणि प्रा. दंडवते मोरारजी देसाईंच्या मंत्रिमंडळात रेल्वेमंत्री झाले.

दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील लाकडी बाकांवर त्यांनी दोन इंच जाडीचा फोम बसविण्यास सुरुवात केली. ऐकायला ही क्षुल्लक गोष्ट वाटते. पण लाकडी फळीवर दोन रात्री काढून नागपूरला धम्मचक्र प्रवर्तन दिनाला अथवा उत्तरेत बुद्धगयेला ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांच्या पाठीला विचारा. पहिल्या वर्गाचे सुख काढून घेण्यापेक्षा दुसऱ्या वर्गाला वर आणावे, हा त्यामागचा विचार. दि. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा मार्गावर गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. तिला पहिला वर्गच नव्हता. सर्व डबे एकाच दर्जाचे. मुलुंड आणि घाटकोपरच्या फलाटांवरून न थांबता धडधडत जाणारी ती गाडी आपण पाहिलेली असते, पण ती वर्गविहीन गाडी म्हणून जन्मली हे ठाऊक नसते. पुढे तिलाही वातानुकूलित डबे जोडले गेले, तो भाग वेगळा. मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना पुन्हा कामावर घेण्याचे मोठे काम त्यांच्याच कारकिर्दीत झाले. विरोधी बाकावरून ज्याची मागणी केली ते मंत्री झाल्यावर करून दाखविले, अशी उदाहरणे आपल्या राजकारणात मोजकीच सापडतात. जुलै १९७९ मध्ये ते सरकार आपसातल्या भांडणांनी पडले, आणि मधु दंडवते पुन्हा विरोधी बाकावर गेले.

आता जो भाग सांगायचा आहे तो आपल्या घराघरात शिरलेला आहे, म्हणून त्याला जरा जास्त जागा घेतो.

आमचे वडील दि. ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांच्या अंत्यविधीला होते. भदंत आनंद कौसल्यायन यांनी तेथेच लाखोंना दीक्षा दिली, त्यांत तेही होते. त्यानंतर त्यांनी कोणत्याही कागदावर जुनी जात लिहिली नाही. पुढे माझ्या थोरल्या भावाने केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. राज्य सरकारने १९६० नंतर बौद्धांना सवलती दिल्या होत्या, परंतु केंद्रात त्या लागू नव्हत्या. खिडकीवरच्या माणसाने समजावणीच्या सुरात सांगितले, 'धर्माच्या रकान्यात हिंदू लिहा, काम होऊन जाईल.' शेजारपाजारच्या पुष्कळांनी तसे लिहिले होते. त्यांना मी नावे ठेवणार नाही, पोट कोणाला चुकले आहे. वडील एवढेच म्हणाले, 'तुझा फॉर्म आहे, तू ठरव.' भावाने बौद्ध लिहिले. नोकरी मिळाली नाही. तो पुढे एका खाजगी कारखान्यात लागला. या विषयावर आमच्या घरी पुन्हा बोलणे झाले नाही.

हा अन्याय कायद्याच्या एका वाक्यात होता. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदू धर्माचाच असला पाहिजे असे कलम होते. १९५६ मध्ये त्यात शीख धर्माचा समावेश झाला. बौद्धांचा झाला नाही. १९५७ च्या लोकसभेत कर्मवीर दादासाहेब गायकवाड नाशिकहून आणि बी. सी. कांबळे कोपरगावहून निवडून गेले, तेव्हापासून ही मागणी सभागृहात व रस्त्यावर दोन्हीकडे चालू राहिली. दादासाहेब पुढे राज्यसभेतही गेले आणि १९७१ मध्ये निवर्तले. त्यांच्या हयातीत ती पुरी झाली नाही. मोर्चे निघाले, निवेदने गेली, सरकारे आली आणि गेली.

डिसेंबर १९८९ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंग यांचे राष्ट्रीय आघाडीचे सरकार आले. त्याला स्वतःचे बहुमत नव्हते; भाजप व डावे पक्ष बाहेरून पाठिंबा देत होते. या मंत्रिमंडळात प्रा. दंडवते अर्थमंत्री होते. दि. १२ एप्रिल १९९० रोजी संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले. दि. १४ एप्रिलला त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले, ते माईसाहेबांनी स्वीकारले. आणि त्याच वर्षी संसदेने अनुसूचित जाती आदेशांतील दुरुस्तीचा कायदा संमत केला. १९९० चा कायदा क्रमांक १५, राष्ट्रपतींची संमती दि. ३ जून. तो कल्याण खात्याचा विषय होता आणि ते खाते रामविलास पासवान यांच्याकडे होते. म्हणून या कायद्याचे श्रेय एकट्या दंडवत्यांना देणे बरोबर होणार नाही. परंतु सिद्धार्थच्या मुलांना अणू शिकविणारा प्राध्यापक त्या मंत्रिमंडळात बसलेला होता, ही गोष्ट आमच्या पिढीला मनापासून आवडली होती.

या कायद्याने केले काय? पूर्वीच्या वाक्यात 'हिंदू किंवा शीख धर्म' असे होते, तेथे 'हिंदू, शीख किंवा बौद्ध धर्म' असे झाले. एक शब्द वाढला. त्याला १९५६ पासून चौतीस वर्षे लागली. ज्या खासदारांनी १९५७ नंतर वेळोवेळी हा विषय काढला ते प्रत्येक वेळी हरलेच होते. पण त्यांचे बोलणे अहवालात राहिले, त्याला उत्तर देणे प्रत्येक सरकारला भाग पडले, आणि मागणी मेली नाही. माझा भाऊ तेव्हा वयोमर्यादा ओलांडून बसला होता. त्याच्या मुलीने पुढे जो अर्ज भरला त्यात धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले आणि जातीचा दाखलाही जोडला. दोन्ही एकाच वेळी खरे लिहिता येणारी आमच्या घरातली ती पहिली.

अर्थमंत्री म्हणून दंडवत्यांची कारकीर्द वर्षभराचीही नव्हती. त्यांनी सोने नियंत्रण कायदा रद्द केला, प्राप्तिकराची सूट-मर्यादा १८,००० वरून २२,००० रुपयांवर नेली आणि लहान शेतकरी व कारागिरांची १०,००० रुपयांपर्यंतची कर्जे माफ करण्याची योजना आणली. या कर्जमाफीवर टीका झाली, ती सर्वस्वी चुकीची म्हणता येत नाही. बँकांची वसुलीची घडी त्यामुळे विस्कटली, आणि सरकारची तूट व परकीय चलनाची ओढ इतकी वाढत गेली की १९९१ मध्ये देशाला सोने गहाण टाकावे लागले. तो बोजा अनेक वर्षांचा होता, एकट्या दंडवत्यांचा नव्हे. पण विरोधी बाकावरची धार अर्थमंत्र्याच्या खुर्चीत तितकी दिसली नाही, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे. मात्र त्याच काळात, दि. १९ जुलै १९९० रोजी, कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री दंडवते अशी जोडी जुळली नसती तर गाडी आणखी किती वर्षे रोह्यापाशी अडून राहिली असती कोण जाणे. रोह्यापासून दक्षिणेकडे ७४१ किलोमीटरचा हा मार्ग १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाला. बोरिवली-अंधेरीपासून मुलुंडपर्यंत पसरलेले आपले कोकणातले समाजबांधव मे महिन्यात एस.टी.च्या रांगेत रात्र काढीत, ते आता गाडीच्या रांगेत काढतात, एवढा फरक पडला!

मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा दि. ७ ऑगस्ट १९९० रोजी झाली, रथयात्रा निघाली, पाठिंबा गेला आणि दि. ७ नोव्हेंबर १९९० रोजी विश्वासदर्शक ठरावावर सरकार १४२ विरुद्ध ३४६ मतांनी पडले. पुढच्या वर्षी राजापूरने दंडवत्यांना पराभूत केले. लोकसभेतले त्यांचे बाक कायमचे रिकामे झाले. १९९६ ते १९९८ या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. प्रमिलाताई, ज्या १९८० मध्ये उत्तर-मध्य मुंबईतून लोकसभेवर निवडून गेल्या होत्या, त्यांच्या आधी गेल्या. दि. १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत प्रा. दंडवते यांचे निधन झाले, आणि त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह जे.जे. रुग्णालयाला देण्यात आला. विज्ञानाच्या शिक्षकाने शेवटी स्वतःलाच विद्यार्थ्यांच्या टेबलावर ठेवले.

लोकसभेतील चर्चांचे शब्दशः अहवाल आता संगणकावर घरबसल्या मिळतात. आपल्या अभ्यासिकेतल्या मोठ्या मुलांनी १९७१ ते १९९० या वर्षांतील काही भाषणे काढून वाचायला सुरुवात केली आहे. भाषा इंग्रजी असल्याने अडखळतात, शब्दकोश जवळ घेऊन बसतात. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाने गेल्या महिन्यात विद्यार्थी संसदेसाठी पहिली कपात सूचना लिहून आणली. विषय आहे विक्रोळी स्थानकाबाहेरचा अंधार, आणि मागणी आहे रेल्वे खात्याच्या रकमेतून शंभर रुपये कमी करण्याची. सूचनेत दोन शुद्धलेखनाच्या चुका होत्या. त्या दुरुस्त करून ती पुढच्या रविवारच्या कामकाजपत्रिकेवर घेतली आहे. रेल्वेमंत्री कोणी व्हायचे ते अजून ठरायचे आहे.